दिव्यांच्या आतला रंग

माझे भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, चोवीस वर्षं खिडक्यांच्या काचा वाहतायत. ट्रक स्वतःचा. कारखान्यातून तावदानं उचलायची, ट्रकमधल्या तिरप्या लाकडी घोडीला टेकवायची, पट्ट्यांनी आवळायची आणि दुकानादुकानांत उतरवून द्यायची. या चोवीस वर्षांत त्यांच्या गाडीत एकही काच फुटलेली नाही. एक फुटली होती, पण ती घरातल्या कपाटाची, आणि ती मी फोडली होती. भाऊजींनी दुसऱ्या दिवशी नवी आणून बसवली आणि त्या विषयावर आजतागायत एक अक्षर काढलं नाही. तसे ते कुठल्याच विषयावर फारसं बोलत नाहीत. माल चढवताना हमालांना मात्र दर दोन मिनिटांनी "सावकाश" म्हणतात. त्यामुळे ट्रकवाल्यांमध्ये त्यांचं नावच सावकाश पडलंय. आमच्या घरी फोन आला आणि पलीकडच्याने "सावकाश आहेत का?" असं विचारलं, तर मी सरळ फोन त्यांच्या हातात देतो.

मी त्यांच्याच घरात, मागच्या खोलीत राहतो. पंधरा दिवसांसाठी आलो होतो, त्याला नऊ वर्षं झाली. भाऊजींनी त्याविषयीही काही विचारलेलं नाही.

मागच्या हिवाळ्यात एके दिवशी जेवताना ते आपणहून म्हणाले, "लाइट कमी पडतोय."

ताईने उठून स्वयंपाकघरातला दुसरा दिवा लावला.

"ट्रकचा," ते म्हणाले.

मेकॅनिकने दोन्ही हेडलाइटचे बल्ब बदलले. भाऊजी म्हणाले, कमी आहे. त्याने वायरिंग बदललं. भाऊजी म्हणाले, कमीच आहे. मग त्याने दोन्ही काचा बाहेरून घासून लख्ख केल्या, ट्रक गॅरेजच्या भिंतीसमोर उभा केला आणि लाइट लावले. "काका, या उजेडात मी सुईत दोरा ओवून दाखवतो," तो म्हणाला.

"तू ओवशील रे," भाऊजी म्हणाले. "मला गाडी चालवायचीय."

त्यांची दुसरी तक्रार समोरून येणाऱ्यांविषयी होती. संध्याकाळी समोरच्या गाड्यांचे लाइट नुसते पसरतात, डोळ्यांत भसकन येतात, म्हणायचे. लोकांना हल्ली डिपर द्यायचीसुद्धा अक्कल राहिलेली नाही. हे त्यांचं त्या वर्षातलं सगळ्यात लांब वाक्य असावं.

ट्रकच्या थांब्यावर एक दुधाचा टँकरवाला असतो. त्याने सल्ला दिला की हेडलाइटच्या आत, बल्बच्या वाटीभोवती जी चांदीसारखी चकचकीत चौकट असते, ती उजेड नको तिकडे उधळते. हेडलाइट खोलून ती चौकट काळी करून टाकायची. त्याने स्वतःच्या गाडीची केली होती. "आता झकास दिसते," तो म्हणाला. गाडी झकास दिसते की रस्ता, ते भाऊजींनी विचारलं नाही.

हे बोलणं आम्हाला फार उशिरा कळलं. घरी त्यांनी एवढंच सांगितलं, की हेडलाइटना आतून रंग द्यायचाय. कुठला, ते सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही. त्यांना प्रश्न विचारून उत्तर मिळत नाही, हे आम्ही दोघंही आपापल्या परीने शिकलो होतो.

एका शनिवारी सकाळी त्यांनी दोन्ही हेडलाइट काढून घरात आणले. दाराबाहेर ट्रकच्या तोंडाला दोन भोकं आणि त्यांतून लोंबणाऱ्या वायरी. शेजारच्या बाई धावत आल्या. "अगबाई, चोरी झाली?"

"नाही," भाऊजी म्हणाले आणि आत गेले. शेजारच्या बाई थोडा वेळ थांबल्या, मग त्याही आत गेल्या, आपल्या घरात.

ताई घरी पाव आणि केक भाजून तीन दुकानांना देते. तिचा ओव्हन मोठा आहे आणि त्याला तिच्याशिवाय कोणी हात लावत नाही. भाऊजी स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले.

"ओव्हन मोकळा आहे?"

"का? काय भाजायचंय?"

"हेडलाइट."

सत्तावीस वर्षांच्या संसारात या माणसाने एकदाही विनोद केलेला नव्हता, त्यामुळे तिला हसावं असं वाटलंच नाही. तिने विचारलं, "किती अंशांवर?"

"नव्वद. दहा मिनिटं."

हेडलाइटची पुढची काच आणि मागचा प्लॅस्टिकचा डबा एका काळ्या चिकट पट्ट्याने जोडलेले असतात. तो गरम झाला की मऊ पडतो आणि काच सुटते. ताईने जाळीवर ओला टॉवेल अंथरला, त्यावर हेडलाइट ठेवला आणि सवयीने झाकणाच्या काचेतून फुगतोय का ते बघत बसली. दहा मिनिटांनी हातमोजे घालून तिने तो बाहेर काढला. भाऊजींनी फटीत पेचकस घातला. काळा चिकट पट्टा तारेसारखा ताणला जाऊ लागला.

"सावकाश," ताई म्हणाली.

भाऊजींनी तिच्याकडे बघितलं. हा शब्द त्यांना उलटा कोणी म्हटलेला नव्हता. मग ते खरंच अजून सावकाश झाले. पहिली काच दोनदा भाजल्यावर निघाली, दुसरी एकदाच भाजून. घरभर नव्या टायरसारखा वास पसरला. सोमवारी एक दुकानदार म्हणाला, की पावाला वेगळाच वास येतोय. ताई म्हणाली, यीस्ट नवीन आहे. ती खोटं बोलत नाही; यीस्ट नवीनच होतं.

रंग आणायला मी त्यांच्याबरोबर गेलो. रंगाच्या दुकानात स्प्रेचे डबे भिंतीवर ओळीने मांडलेले असतात, आपले आपण घ्यायचे. भाऊजींनी ओळीवरून नजर फिरवली, खालच्या फळीवरचा एक डबा उचलला, हात लांब करून धरला, हलवून बघितला आणि गल्ल्यावर ठेवला. डब्याचं टोपण गडद निळं होतं.

"हाच?" दुकानदाराने विचारलं.

"हाच."

"ट्रकला?"

"ट्रकला."

दुकानदाराने माझ्याकडे बघितलं. मी छताकडे बघितलं. हेडलाइट त्यांचे, ट्रक त्यांचा, आवड त्यांची. मेहुण्याने त्यात पडू नये.

काम मात्र त्यांनी बघत राहावं असं केलं. बल्बच्या वाटीवर रंगाचा थेंब गेला तर लाइट कायमचा गेला, म्हणून प्रत्येक वाटी त्यांनी कागदी चिकटपट्टीने झाकली. ती पट्टी ते डोळ्यांनी नाही, बोटांनी लावत होते. अंगठ्याने कड चाचपायची, पट्टी दाबायची, पुन्हा चाचपायची. मला वाटलं, काच हाताळणाऱ्या माणसाची पद्धतच ही. मग पाणी लावून पॉलिशपेपरने चकाकी घासून काढली, राखाडी प्रायमर मारला आणि मागच्या अंगणात खोक्याचा आडोसा करून निळ्या रंगाचे तीन हात दिले. धूळ बसू नये म्हणून वाळायला न्हाणीघरातल्या दोरीवर टांगले. दीड दिवस कोणाला आंघोळ करता आली नाही. मी कामावर गेलो तेव्हा साहेबांनी माझी खुर्ची खिडकीजवळ सरकवली.

पुन्हा ओव्हन, पुन्हा टायरचा वास, काचा जागेवर, हेडलाइट ट्रकवर. भाऊजींनी संध्याकाळी एक चक्कर मारली.

"पडला फरक?" मी विचारलं.

"पडेल," ते म्हणाले.

ताईने मात्र या गोष्टीचा वेगळाच अर्थ लावला होता. पाव मळता मळता ती मला म्हणाली, "सत्तावीस वर्षं मी विचारतेय, तुम्हाला कुठला रंग आवडतो. साडी घेताना विचारलं, भिंती रंगवताना विचारलं. उत्तर ठरलेलं, कुठलाही चालेल. आणि आता बघ. मनात होतं, पण कधी ओठांवर आलं नाही." तिचे डोळे भरून आले होते. पीठ लागलेल्या हाताने पुसायला गेली आणि अजून भरून आले.

पुढच्या आठवड्यात बैठकीच्या खोलीत गडद निळे पडदे लागले. मग जेवणाच्या टेबलावर गडद निळं कापड. मग पलंगावर निळी चादर. आणि पुढचे कित्येक दिवस ती भाऊजी बाहेर असताना निळ्या लोकरीचा स्वेटर विणत होती. तो पूर्ण झाल्यावर तिने त्यांच्या उशीवर घडी करून ठेवला. भाऊजींनी तो घातला आणि काही न बोलता कारखान्यात गेले. ताईला वाटलं, भारावून गेले असणार.

असे पाच आठवडे गेले. एका रविवारी दुपारी जेवताना भाऊजींनी हातातला घास ताटात ठेवला.

"काही चुकलंय का माझं?"

ताई घाबरलीच. "काय झालं?"

"राग असेल तर तोंडाने बोल. मी हेडलाइट काळे केले, ते तुझ्या ओव्हनमध्ये केले, वास आला, मान्य आहे. म्हणून तू अख्खं घर काळं करत सुटलीस. पडदे काळे, चादर काळी. मला घालायलाही काळं. मी पाच आठवडे बघतोय, कुठवर जातंय ते."

ताई म्हणाली, "अहो, निळे आहेत."

"काय?"

"पडदे. निळे आहेत."

"काळे आहेत."

दोघांनी माझ्याकडे बघितलं. नऊ वर्षांत पहिल्यांदाच त्या घरात माझं मत कोणाला हवं होतं. "निळे आहेत, भाऊजी," मी म्हणालो. "गडद, पण निळेच."

भाऊजी उठून पडद्याजवळ गेले, कापड चिमटीत धरून खिडकीशी नेलं, मग उलटं करून बघितलं. परत येऊन खुर्चीवर बसले.

"आणि हेडलाइट?"

"निळे," ताई म्हणाली.

"दोन्ही?"

"दोन्ही."

मी मागच्या अंगणातून तो रिकामा डबा आणून त्यांच्यापुढे ठेवला. त्यावर ठळक अक्षरांत गडद निळा असं लिहिलेलं होतं. त्यांनी हात लांब केला, जवळ घेतला, पुन्हा लांब केला. "हे काय लिहिलंय?" त्यांनी विचारलं. मी वाचून दाखवलं.

ते जेवण तसंच टाकून बाहेर गेले. आम्हाला वाटलं, रागावले. पाच मिनिटांनी ताई बाहेर गेली, तिच्यामागे मी. ते ट्रकच्या पायरीवर बसले होते, निळा स्वेटर घालून.

"तीन महिने झाले असतील," ते म्हणाले. आमच्याकडे न बघता बोलत होते. "कारखान्याच्या मागच्या वळणावर. दिवस मावळत होता. एक बाई सायकलवर होती, मागे टोपली बांधलेली. मला ती दिसलीच नाही. टोपली ट्रकच्या कडेला घासली, तेव्हा कळलं की तिथे कोणीतरी आहे. पडली नाही ती. एक पाय टेकला, मला एक शिवी दिली आणि गेली."

"बोलला नाहीत," ताई म्हणाली.

"मला वाटलं, लाइटचा दोष. म्हणून तर हे सगळं चाललं होतं." त्यांनी दोन्ही तळहात गुडघ्यांवर ठेवले. "चोवीस वर्षं एक काच फुटली नाही म्हणून छाती काढून फिरतोय मी. आणि ती बाई हातभर इकडे असती तर?"

ताई त्यांच्या शेजारी पायरीवर बसली. ती पायरी एका माणसाची आहे, पण बसली. भाऊजींनी खिशातून ट्रकची किल्ली काढून तिच्या हातात दिली. "ही तुझ्याकडे ठेव. मी मागितली तरी देऊ नकोस."

सोमवारी त्यांनी कारखान्यात फोन केला, की मी येत नाही. तिकडून विचारलं असावं, किती दिवस.

"दिसेपर्यंत," भाऊजी म्हणाले आणि फोन ठेवला.

डोळ्यांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाई वयाने लहान आणि बोलायला भरभर. त्यांनी यंत्रातून दोन्ही डोळे बघितले आणि सांगितलं, मोतीबिंदू आहे, दोन्हीकडे, उजवा तर चांगलाच पिकलाय. अशात गडद निळा आणि काळा यांतला फरक कळेनासा होतो, समोरचे दिवे फुटल्यासारखे दिसतात.

"केव्हापासून कमी दिसतंय?" त्यांनी विचारलं.

"ट्रकचे लाइट बिघडल्यापासून," भाऊजी म्हणाले.

डॉक्टरबाईंनी ताईकडे बघितलं. ताई म्हणाली, "वर्ष तरी झालं असेल."

मग त्यांनी ऑपरेशन कसं करतात ते समजावून सांगितलं. डोळ्यातलं गढूळ झालेलं भिंग काढायचं आणि त्याजागी नवं बसवायचं. भाऊजींनी सगळं नीट ऐकून घेतलं. एवढा वेळ घाबरलेला माणूस एकदम ओळखीच्या मुलखात आल्यासारखा दिसला.

"म्हणजे काच बदलायची."

"तसंच समजा."

"माप आधी घेता ना?"

"घेतो. अगदी बारीक माप घेतो."

"दोनदा घ्या," भाऊजी म्हणाले.

आधी उजवा डोळा झाला, महिन्याभराने डावा. मधल्या काळात ते घरी होते आणि त्या दिवसांविषयी ताई फारसं बोलत नाही. एवढंच म्हणते, की पाव भाजायचे ट्रे त्यांनी आकाराप्रमाणे लावले आणि तिला सहा दिवस एकही ट्रे सापडला नाही.

दुसऱ्या डोळ्याची पट्टी निघाली त्या दिवशी घरी आल्यावर ते आधी ट्रककडे गेले. वाकून डावा हेडलाइट बघितला, मग उजवा. मग पुन्हा डावा. आम्ही मागे उभे होतो. ताईने पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं.

"हे कोणी केलंय?" भाऊजींनी विचारलं.

"तुम्हीच."

"रंग ओघळलाय. इथे, आणि इथे. हा बोटाचा ठसा आहे. आणि हा आत केस अडकलाय." ते उभे राहिले. मी त्यांना एवढं शरमलेलं कधी बघितलं नव्हतं. "असल्या लाइटने मी पाच आठवडे गावभर फिरलो. आणि तुम्ही कोणी बोलला नाहीत."

"आम्हाला वाटलं, तुम्हाला आवडलंय," ताई म्हणाली.

डॉक्टरबाईंनी परवानगी दिल्यावर त्यांनी हेडलाइट पुन्हा काढले. ओव्हन, ओला टॉवेल, पेचकस, सगळं पुन्हा. जुना रंग घासून काढायला दोन दिवस लागले. रंगाच्या दुकानात या वेळी एकटेच गेले. परत आले तर पिशवीत गडद निळा डबा.

"काळा मिळाला नाही?" मी विचारलं.

"होता की," ते म्हणाले, आणि डबा हलवत मागच्या अंगणात गेले. ताई ओव्हनपाशी पाठमोरी उभी होती. तिने ओव्हनची काच उगीचच दोनदा पुसली.

ट्रक रस्त्यावर येण्याआधी भाऊजींनी आणखी एक काम केलं, ते आम्हाला नंतर कारखान्याच्या पहारेकऱ्याकडून कळलं. तीन संध्याकाळ ते कारखान्यामागच्या वळणावर पायी जाऊन उभे राहिले. तिसऱ्या दिवशी ती सायकलवाली बाई आली. भाऊजींनी हात करून तिला थांबवलं आणि सांगितलं, की अमुक महिन्यांपूर्वी ज्या ट्रकने तुमच्या टोपलीला घासलं तो मी. मला दिसत नव्हतं. आता दिसतं. चूक माझी होती.

बाईने बराच विचार केला. "कोण जाणे," ती म्हणाली. "इथे रोज कोणी ना कोणी घासून जातं. तुम्ही कुठले म्हणायचे?"

भाऊजींना याचं फार वाईट वाटलं. शिवी खाल्ली असती तर बरं वाटलं असतं, असं ते ताईला म्हणाले. त्या वळणावर गतिरोधक घालावा, असा अर्ज त्यांनी माझ्याकडून लिहून घेतला. अर्ज अडीच ओळींचा होता. गतिरोधक अजून झालेला नाही; भाऊजी महिन्यातून एकदा जाऊन विचारून येतात.

आता ते पुन्हा काचा वाहतात, फक्त दिवस मावळायच्या आत घरी येतात. थांब्यावर एखादा ट्रकवाला लाइट कमी पडतोय म्हणून कुरकुरू लागला, की भाऊजी त्याला हाताला धरून आपल्या ट्रकपुढे उभा करतात आणि विचारतात, "आतला रंग कुठला?" काळा म्हणाला, तर खिशातून डॉक्टरबाईंच्या दवाखान्याचा पत्ता काढून देतात. आतापर्यंत तिघांना दिलाय. पहिला तो दुधाचा टँकरवालाच. त्याला मोतीबिंदू निघाला, त्याचंही ऑपरेशन झालं. दुसऱ्याला नुसता चष्मा लागला. तिसऱ्याला दिसत होतं व्यवस्थित. तो रंग काळाच आहे असं त्याचं म्हणणं होतं आणि अजूनही आहे.